अकरा महिन्यांची भीती

पुण्यात, ठाण्यात, नाशकात कुणालाही विचारा, घर भाड्यानं द्यायचं तर करार किती महिन्यांचा करायचा? उत्तर एकच येतं : अकरा. एजंटच्या कॉम्प्युटरमधला मसुदा अकरा महिन्यांचा असतो, सोसायटीच्या सेक्रेटरींनाही तोच ओळखीचा असतो, आणि घरमालकाला तर बारावा महिना उजाडला की घर हातचं गेलं असंच वाटत असतं. या अकराच्या मागे एके काळी खरंखुरं कारण होतं. १९०८च्या नोंदणी कायद्यानं एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं केलं. त्याहून कमी मुदतीला ती सक्ती नव्हती. नोंदणीचा खर्च आणि कचेरीचे हेलपाटे वाचवायला लोक वर्षातून एक महिना कमी धरू लागले.

महाराष्ट्रात ही पळवाट ३१ मार्च २००० रोजी बंद झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्या दिवशी लागू झाला. त्याच्या कलम ५५नं भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा असं बंधन घातलं. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. म्हणजे करार अकरा महिन्यांचा केला काय आणि छत्तीस महिन्यांचा केला काय, नोंदणी चुकत नाही. अकराचा उपयोग संपून पाव शतक झालं, तरी अकरा जात नाही. सवय हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण भीती आहे.

एखाददुसरं घर भाड्यानं देणाऱ्या माणसांना आपण गुंतवणूकदार म्हणत नाही, तेही स्वतःला म्हणवत नाहीत. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा वाकडला वन बीएचके घेऊन ठेवणारे बँकेतले गृहस्थ, कर्जाचा दुसरा हप्ता अंगावर घेतलेलं आयटीतलं जोडपं, आईवडिलांच्या पश्चात कोथरूडचा फ्लॅट वाट्याला आलेल्या दोघी बहिणी, न्यू जर्सीत नोकरी करणारा मुलगा आणि त्याच्या खराडीच्या घराची किल्ली सांभाळणारे त्याचे वडील. शहरातली भाड्याची बहुतेक घरं अशाच माणसांची आहेत. म्हाडा आणि सिडको घरं बांधतात ती मुख्यतः विकण्यासाठी. मोठ्या कंपन्या ऑफिसं भाड्यानं देतात, राहती घरं क्वचितच. बदलीवर आलेला कारकून, पहिल्या नोकरीवरची मुलगी, लग्न होऊन वेगळं राहू पाहणारं जोडपं, हे सगळे या छोट्या मालकांच्या भरवशावर शहरात शिरतात. या मालकांची भीती आणि त्यांचं खरं नुकसान यांच्या वाटा वेगळ्या आहेत असं माझं ठाम मत आहे. ज्या गोष्टीला ते घाबरतात तिचा बंदोबस्त कायद्यात आहे. जी गोष्ट त्यांचा पैसा खाते तिच्याकडे मात्र त्यांचं लक्ष नसतं.

०००

ही भीती हवेतून आलेली नाही. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली तेव्हा, १९१८ साली, भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर, फाळणीच्या वर्षी, १९४७चा मुंबई भाडे कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं त्याच्याशी घरभाडं बांधलं गेलं. कायदा तात्पुरता म्हणून आला होता. मुदतवाढ मिळत मिळत तो अर्धशतक टिकला. त्याचं श्रेय नाकारू नये. गिरणगावातला कामगार आणि गिरगावातला कारकून त्या कायद्यामुळे शहरात तग धरू शकले. पण महागाई वाढत गेली आणि भाडं जागेवर राहिलं, याचा भार कुणावर पडला हेही बघायला हवं. सगळे मालक जमीनदार नव्हते. पुण्याच्या पेठांमध्ये वाड्याचा मालक मागच्या दोन खोल्यांत राही आणि पुढच्या सात-आठ बिऱ्हाडांचं मिळून येणारं भाडं पावसाळ्यापूर्वी कौलं चाळायलासुद्धा पुरत नसे. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना, आणि वाडा मधल्या मध्ये खचत जाई. मुंबईतल्या चाळींचं तेच झालं. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला १९६९ साली कायदा करून वेगळं मंडळ उभारावं लागलं आणि उपकर बसवावा लागला.

त्यातून सुटायला मालकांनी एक मार्ग काढला होता. भाडेकरू ठेवायचाच नाही, नुसती वापरायची परवानगी द्यायची. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातला हा परवाना, म्हणजेच आपण म्हणतो तो लिव्ह अँड लायसन्स. परवानाधारकाला जागेत हक्क निर्माण होत नाही, परवानगी संपली की त्यानं निघायचं. आणि मग १९७३ साली विधिमंडळानं भाडे कायद्यात दुरुस्ती केली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांच्याजवळ चालू परवाना होता आणि जे जागेत राहत होते, ते सगळे कायद्यानं संरक्षित भाडेकरू ठरले. आदल्या दिवसापर्यंत जे घर परत मिळणार होतं ते रातोरात अडकलं. ज्यांनी त्या काळी आपली एकुलती एक जास्तीची खोली परवान्यावर दिली होती, त्यांच्या घरांमध्ये ही गोष्ट पुढच्या दोन पिढ्या सांगितली गेली. आजचा पंचेचाळीस वर्षांचा फ्लॅटमालक ती तारीख जाणत नाही, कायदा जाणत नाही. पण ‘एकदा दिलं की दिलं’ हे वाक्य त्यानं लहानपणी जेवताना ऐकलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयानं १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट सांगितलं की, गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत. १९९९चा कायदा त्यानंतरचा. त्यानं जुन्या भाडेकरूंचं संरक्षण ठेवलं, पण भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करायची मुभा दिली. तोवर टेबलाखालून चालणाऱ्या पागडीलाही त्यानं उघड मान्यता दिली. जुन्या मुंबईतल्या मालकांची लढाई त्यानंतरही चालूच राहिली. १९८६च्या दुरुस्तीनं म्हाडा कायद्यात अशी सोय झाली होती की, उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर सरकारनं ती इमारत संपादित करावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी. महिन्याला पाचशे रुपये भाडं येणाऱ्या इमारतीचे पन्नास हजार! त्याविरुद्धचं प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनचं प्रकरण १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात पोचलं. त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर, म्हणजे प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानायची का यावर, नऊ न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं ‘नाही’ असं उत्तर दिलं ते ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. बत्तीस वर्षांनी.

एवढा इतिहास पाठीशी असताना माणूस घराला कुलूप लावून मोकळा होतो यात नवल नाही. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीनं २०११च्या जनगणनेवरून जे चित्र मांडलं होतं ते मला आजही अस्वस्थ करतं. देशाच्या शहरी भागात एक कोटीहून अधिक घरं रिकामी, त्यात सर्वाधिक महाराष्ट्रात, वीस लाखांच्या आसपास. एकट्या मुंबईत जवळजवळ पावणेपाच लाख. आणि शहरांतल्या भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होतं ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलेलं. ज्या मुंबईत झोपडीलाही भाडं पडतं त्याच मुंबईत ही कुलपं लागलेली आहेत.

०००

आता आजचा कायदा काय म्हणतो ते पाहू. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि परवानाधारक निघाला नाही, तर मालकानं दिवाणी न्यायालयाची पायरी चढायची नाही. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्यानं शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरून घर रिकामं करण्याचा आदेश निघतो. मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दरानं. करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा, त्याविरुद्ध ‘आमचं तोंडी वेगळं ठरलं होतं’ हे चालत नाही. प्राधिकाऱ्याच्या आदेशावर अपील नाही, फक्त फेरतपासणीचा अर्ज करता येतो. १९४७च्या कायद्यात जन्मलेल्या मालकाला हे कुणी सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता.

‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ ही दुसरी दंतकथा. १९६३च्या मुदत कायद्यातली बारा वर्षं आहेत ती मालकाच्या हक्काला आव्हान देऊन, उघडपणे, त्याच्याविरुद्ध ताबा ठेवणाऱ्यासाठी. जो तुमच्या परवानगीनं राहतो आणि दर महिन्याला तुमच्या खात्यात भाडं भरतो, त्याचा ताबा परवानगीचाच राहतो, मग तो बारा वर्षं राहो की वीस. त्याच भाडेकरूशी पुन्हा करार करायला घाबरून चांगली माणसं घालवणारे मालक मी पाहिले आहेत.

पण हे सगळं संरक्षण एका कागदावर उभं आहे, आणि तिथेच लोक दोन-तीन हजार रुपये वाचवायला जातात. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे. कलम ५५ असं सांगतं की, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल, ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. शिवाय नोंदणी न केल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे खर्च वाचवणारा मालक स्वतःच्या हातानं १९७३च्या जवळ जाऊन उभा राहतो. बरं, खर्च असतो तरी किती? महिना २२ हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट, मुदत दोन वर्षं. दोन वर्षांचं भाडं ५ लाख २८ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दरानं धरलेले १२ हजार मिळवायचे, आणि एकूण ५ लाख ४० हजारांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क : १,३५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. त्यावर दस्त हाताळणीचा किरकोळ आकार आणि एजंटकडून करून घेतल्यास त्याची फी. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे काम घरबसल्या होतं. साठ महिन्यांपर्यंत दर तोच आहे, म्हणून दर अकरा महिन्यांनी नवा करार करणारा माणूस तीच फी आणि तोच खटाटोप पुन्हा पुन्हा करत राहतो. दोन किंवा तीन वर्षांचा करार, दर वर्षी पाच टक्के वाढ, सुरुवातीचे सहा महिने दोघांनाही लॉक-इन, नंतर एक महिन्याची नोटीस : यात मालकाचं काही जात नाही आणि भाडेकरूला मुलांची शाळा बदलावी लागत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवणंही आता ऑनलाइन होतं. त्याचा कंटाळा करू नये.

०००

आता जिथे खरं रक्त जातं तिकडे वळू.

हिंजवडी-वाकडच्या पट्ट्यातला एक फ्लॅट घेऊ, उदाहरणादाखल ७० लाखांचा. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक आणि मेट्रोचा अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी ३० हजार. महिलेच्या नावावर घेतल्यास एक टक्का कमी पडतो, एवढीच सवलत. पंखे, गिझर, किचनच्या ट्रॉल्या, जाळ्या, पडद्यांचे रॉड यांना दीड-पावणेदोन लाख जातात. किल्ली हाती येईपर्यंत ७७ लाख झाले. भाडं २२ हजार. जाहिरातीतला हिशेब सांगतो, वर्षाला २ लाख ६४ हजार, म्हणजे पावणेचार टक्के. प्रत्यक्षात वर्षातला एक महिना घर रिकामं राहतं, आले २ लाख ४२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स ३६ हजार गेला. मिळकतकर पंधराएक हजार. पुणे महापालिका तिच्या हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला करात चाळीस टक्के सवलत देते, भाड्यानं दिलेल्या घराला ती नाही, हे अनेकांना बिल आल्यावर कळतं. एजंटची दलाली, रंगकाम, प्लंबर, एखादा बंद पडलेला गिझर मिळून पंचवीस हजार धरा. उरले १ लाख ६६ हजार. ७७ लाखांवर सव्वादोन टक्क्यांहून थोडे कमीच.

हेच घर ५० लाखांचं कर्ज काढून घेतलं असेल तर साडेआठ टक्के दरानं वीस वर्षांचा हप्ता ४३ हजार ३९१ रुपये येतो. भाडं त्याच्या निम्मं. उरलेला निम्मा पगारातून. निवृत्त माणसानं स्वतःचे पैसे घातले असतील तर त्यानं हेही पाहावं की ज्येष्ठ नागरिक बचत योजना तीस लाखांपर्यंतच्या ठेवीवर ८.२ टक्के देते आणि तिथे गळका नळ दुरुस्त करावा लागत नाही.

मग लोक घर का घेतात? किंमत वाढेल म्हणून. तो भरवसा अगदी चुकीचा नाही, पण तो भाड्याचा हिशेब नव्हे, तो जमिनीच्या भावावरचा डाव आहे. २०१४ नंतरची काही वर्षं पुण्याच्या अनेक उपनगरांत दर जवळपास जागच्या जागी होते. त्या काळात विकायला निघालेल्यांना गिऱ्हाईक मिळेना आणि हप्ता मात्र थांबेना. गरज पडली तर घर अर्धं विकता येत नाही. मुलाच्या ॲडमिशनला पाच लाख हवेत म्हणून बाल्कनी विकता येत नाही. ज्याची सगळी शिल्लक एका फ्लॅटमध्ये आहे त्यानं हे घेण्याआधी मनाशी घोकलं पाहिजे.

कराच्या बाबतीतही जुना सल्ला आजवर तोंडातोंडी फिरतो आहे. भाड्यातून मिळकतकर वजा जाता उरलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के वजावट मिळते, तुम्ही रंग लावा की न लावा. ही चांगली सोय आहे. पण ‘कर्ज काढा, व्याजामुळे टॅक्स वाचतो’ हे अर्धसत्य आहे. वरच्याच घराचं पहिल्या वर्षाचं व्याज साधारण सव्वाचार लाख होतं, आणि भाड्याच्या खात्यात अडीच लाखांहून अधिक तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत त्यातले दोन लाख पगारातून वजा करता येत, तीस टक्क्यांच्या पट्टीत सेस धरून ६२ हजार ४०० रुपये वाचत, आणि उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येई. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजा होत नाही. आणि २०२३-२४ पासून आपण वेगळं सांगितलं नाही तर नवी प्रणालीच लागू होते. ज्यांनी हप्त्याचं गणित या ६२ हजारांवर बसवलं होतं त्यांनी ते पुन्हा मांडावं.

परदेशी राहणाऱ्या मालकांच्या भाडेकरूंसाठी एक सूचना इथेच. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूनं टीडीएस कापायचा असतो, तीस टक्के आणि त्यावर सेस. निवासी मालकासाठी ही भानगड महिना पन्नास हजारांच्या वर भाडं असेल तेव्हाच येते, आणि तिथे दर दोन टक्के आहे. बोरिवलीतला भाडेकरू सिंगापूरच्या मालकाच्या इथल्या खात्यात वर्षानुवर्षं पूर्ण भाडं भरत राहतो, आणि नोटीस येते ती भाडेकरूला. ज्या वडिलांच्या हाती किल्ली आहे त्यांनी करार करतानाच हे बोलून घ्यावं.

०००

भाड्याच्या धंद्यात सर्वांत महाग काय असेल तर रिकामा महिना. २२ हजारांच्या घरासाठी आलेला भाडेकरू एक हजारानं कमी मागतो म्हणून मालक त्याला परत पाठवतो आणि घर महिनाभर बंद राहतं. वाढीव हजारातून तो महिना भरून यायला एकवीस महिने लागतात. इतक्यात बहुधा नवा भाडेकरू सुद्धा निघून गेलेला असतो. हा हिशेब पाठ असलेले मालक भाव थोडा खाली ठेवतात, चार माणसांमधून एक निवडतात आणि त्याला टिकवतात. मी ज्यांना यशस्वी छोटे घरमालक म्हणेन त्यांचं भाडं इमारतीत सर्वाधिक असतं असं नाही. त्यांचं घर सर्वांत कमी काळ बंद राहतं.

रिकाम्या महिन्यांचं मोठं कारण मालक आणि सोसायट्या स्वतः तयार करतात. बॅचलर नको, एकटी मुलगी नको, वकील नको, पत्रकार नको, नॉनव्हेज खाणारा नको, अमुक धर्माचा नको, तमुक आडनावाचा नको. माणसाला त्याच्या जातीवरून किंवा धर्मावरून दार लावणं ही अन्यायाची गोष्ट आहे, तिचा फायद्यातोट्याशी संबंध नसता तरी ती अन्यायाचीच राहिली असती. आणि फायद्यातोट्यानंही ती वाईट आहे, कारण प्रत्येक ‘नको’बरोबर येणाऱ्यांची रांग आखूड होत जाते. भाडेकरूबद्दल पाहण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत : नोकरी किंवा व्यवसायाचा पुरावा, आधीच्या घरमालकाशी फोनवर दोन मिनिटं बोलणं, आणि उत्पन्नाच्या मानानं भाडं त्याला झेपतंय का. सदाशिव आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर मुलं ठेवणाऱ्या आजी हे पिढ्यान् पिढ्या करत आल्या. स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, दोन-तीन वर्षांनी जातात, आणि जाताना आपल्या गावच्या धाकट्या भावाला तीच कॉट देऊन जातात. तिथे जाहिरातीचा खर्च नाही आणि रिकामा महिनाही जवळपास नाही.

सोसायटीच्या कमिटीनं भाडेकरूवरून त्रास देणं सुरू केलं तर मालकाला आपले हक्क माहीत हवेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेत घर भाड्यानं द्यायला कमिटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. बिनभोगवटा शुल्क, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानं ही मर्यादा घातली आणि २००७ साली मुंबई उच्च न्यायालयानं मोंट ब्लांक सोसायटीच्या प्रकरणात ती उचलून धरली. आईवडील किंवा विवाहित मुलगी राहत असेल तर तेही लागत नाही. आपली इमारत मात्र सोसायटी आहे की अपार्टमेंट हे आधी पाहून घ्यावं. पुण्यात अपार्टमेंट पुष्कळ आहेत आणि त्यांचा कायदा १९७०चा, वेगळा आहे.

रोजच्या कामाबद्दल दोन गोष्टी. ताबा देताना दोघांनी मिळून घरभर फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढावा, मीटरचं रीडिंग लिहून घ्यावं, पंखे-दिवे मोजून यादीवर सह्या कराव्यात. घर सोडताना होणाऱ्या भांडणांपैकी बहुतेक भांडणं डिपॉझिटमधून काय कापायचं याचीच असतात आणि ती या एका यादीवर मिटतात. वर्षातून दोनदा, आधी कळवून, घर पाहून यावं, विशेषतः पावसाळ्यानंतर. बाथरूमची गळती भाडेकरू सोसत राहतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला बुरशी आली की तक्रार थेट मालकाकडे येते. तेव्हा पाच हजारांचं काम पन्नास हजारांचं झालेलं असतं.

हेवी डिपॉझिटबद्दल इशारा देणं आवश्यक वाटतं. मुंबईत दहा-पंधरा लाख एकरकमी घेऊन महिन्याचं भाडं माफ करायची पद्धत आहे. मालक ती रक्कम धंद्यात किंवा दुसऱ्या घराच्या बुकिंगमध्ये घालतो आणि मुदत संपली की परत द्यायला पैसे नसतात. ते पैसे त्याचे नव्हतेच, ते कर्ज होतं. ज्या कुटुंबाची सारी बचत त्या डिपॉझिटमध्ये अडकते त्याची अवस्था वेगळी सांगायला नको. छोट्या मालकानं या वाटेनं जाऊ नये. दुकानाच्या गाळ्याचा मोहही जपून धरावा. भाडं घरापेक्षा चांगलं मिळतं, पण गाळा रिकामा झाला की वर्षभर रिकामा राहू शकतो.

२०२०च्या मार्चमध्ये हे सगळं एकदम कसोटीला लागलं. कंपन्यांनी घरून काम सुरू केलं, मुलं सामान घेऊन लातूर, कोल्हापूर, नागपूरला गेली आणि हिंजवडी, वाकड, खराडीचे फ्लॅट एका महिन्यात रिकामे झाले. राज्याच्या गृहनिर्माण विभागानं १७ एप्रिल रोजी घरमालकांना सूचना दिली की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी आणि भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नये. माणुसकीला धरून होतं ते. बँकांनीही हप्ते लांबवायची मुभा दिली, पण व्याज चालूच राहिलं. त्या वेळी ज्यांच्या घरावर कर्ज नव्हतं किंवा ज्यांनी सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवले होते ते तरले. ज्यांनी भाडं घेऊन हप्ता आणि हप्त्यासाठी भाडं असं दोराला दोर बांधलं होतं त्यांना पडत्या भावात घर काढावं लागलं. दुसरं घर कर्जावर घेणाऱ्यानं सहा महिन्यांचा हप्ता बँकेत पडून असल्याशिवाय सही करू नये, हे मी आज कुणालाही सांगेन.

सरकारकडे मागायचं असेल तर काय मागावं? केंद्रानं २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला : राहत्या घराला डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं, मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं, वाद ऐकायला वेगळे प्राधिकारी. महाराष्ट्राच्या १९९९च्या कायद्यात मालकाच्या बाजूचं बरंच आधीपासून आहे. भाडेकरूचं डिपॉझिट अडवून धरणाऱ्या मालकाला लगाम घालणारं मात्र तितकं नाही. ते यायला हवं, आणि प्रामाणिक मालकांनीच त्याची मागणी करायला हवी, कारण डिपॉझिट बुडवणाऱ्यांमुळे भाडेकरू सगळ्याच मालकांकडे संशयानं पाहतो. दुसरी मागणी सक्षम प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवण्याची. वाढती उपनगरं, लाखो करार, आणि ते वाद ऐकायला मोजकी कार्यालयं, अशानं कायद्यातले तीस दिवस कागदावरच राहतात. करार नोंदवायला घरातून अंगठा चालतो, तर अर्ज दाखल करायला, समन्स बजावायला आणि तारीख ऐकायलाही तशीच सोय करता येईल. ही मागणी मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून करावी. तारखा पडत राहिल्या की प्रामाणिक मालकाचं भाडं बुडतं, आणि प्रामाणिक भाडेकरूला पुढच्या दारावर ‘नको’ ऐकावं लागतं.